सर्वांत मोठा कॉलेज फुटबॉल कोच कोण? तुमचा कोच, तुमचा शनिवार (अनुभव धागा)

मंडळी, गेल्या शनिवारी आमच्याकडे अटलांटात पुरणपोळ्या ताटात गार होत होत्या आणि चार मराठी माणसं निक सेबन मोठा की बेअर ब्रायंट (दोघेही अलाबामा विद्यापीठाचे माजी कोच) यावरून हातघाईवर आली होती. चौघांपैकी एकानेही आयुष्यात हेल्मेट घातलेलं नाही. स्कूटरवरसुद्धा नाही, दोघे पुण्याचे आहेत.

भारतातल्या वाचकांसाठी एवढंच: हा लंबगोल चेंडूचा, अमेरिकन फुटबॉल. रविवारी व्यावसायिक संघ खेळतात, शनिवार कॉलेजांचा. खेळाडू चार वर्षांत येऊन निघून जातात, कोच राहतो. म्हणून देव्हाऱ्यात कोच. अनेक राज्यांत सरकारी तिजोरीतून सगळ्यात जास्त पगार घेणारा माणूस गव्हर्नर नसून विद्यापीठाचा फुटबॉल कोच असतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती.

आकडे गुगलवर आहेत. नोटर डेमच्या नूट रॉकनीने १३ हंगामांत १०५ जिंकले, १२ हरले, ५ बरोबरीत, आणि १९३१ साली विमान अपघातात गेला तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. टक्केवारी लावली तर वाद तिथेच मिटतो, पण मिटवायचा कुणाला आहे? तुम्ही ज्या गावात राहिलात तिथला कोच तुम्हाला कसा भेटला ते लिहा. भेटला म्हणजे प्रत्यक्षच असं नाही.

टस्कलूसाकर

मी चाकणहून इथल्या गाड्यांच्या कारखान्यात आलो २०१२ मध्ये. पहिल्याच आठवड्यात दुकानातल्या बाईंनी सुटे पैसे देताना 'रोल टाइड' म्हटलं. मला वाटलं कपड्याच्या साबणाची काहीतरी स्कीम आहे. मी नको म्हणालो. (ती अलाबामा संघाची घोषणा निघाली.)

पुढच्या वर्षी सासरे आले सांगलीहून, सहा महिन्यांसाठी. आम्ही त्यांना मामा म्हणतो. तरुणपणी तालमीतले, आता फक्त कुस्त्या बघणारे. शेजारी एक निवृत्त आजोबा, त्यांच्या दिवाणखान्यात बेअर ब्रायंटचा मोठा फोटो, डोक्यावर ती काळ्या-पांढऱ्या चौकटींची टोपी. मामा स्वतः गांधी टोपीतले. त्यांनी विचारलं, हे कोण? आजोबांनी सांगितलं: आर्कान्सामधल्या गरीब शेतकऱ्याचं पोर, लहानपणी एका खेळवाल्याच्या अस्वलाशी कुस्ती धरली, मिनिटाला एक डॉलर या बोलीवर. अस्वलाची मुसकी सुटली, पोरगं उडी मारून पळालं. डॉलर मिळाले नाहीत, नाव मात्र 'बेअर' पडलं ते कायमचं. मी दुभाषी. मामांच्या चेहऱ्यावर असा आदर मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता.

मग ३० नोव्हेंबर २०१३. ऑबर्नच्या मैदानावर अलाबामा विरुद्ध ऑबर्न, आम्ही आजोबांच्या टीव्हीसमोर. २८-२८. वेळ संपली, पण सेबन पंचांशी भांडला, अजून एक सेकंद शिल्लक आहे म्हणाला. पंचांनी चित्रण पाहिलं आणि सेकंद परत दिला. त्या एका सेकंदात अलाबामाने ५७ यार्डांवरून गोल मारायला घेतला, चेंडू कमी पडला, ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने तो गोलखांबांखाली झेलला आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत नेला. ३४-२८. खोलीत कुणी हललं नाही. आजोबांच्या सुनेने उठून डिपचं भांडं फ्रिजमध्ये ठेवलं, त्याच्या झाकणाचा 'टक' आवाज मला अजून आठवतो. मामा हळूच म्हणाले, "पाव्हणं, ह्यानं मागून घेतलेला सेकंद ह्यालाच चावला की."

तरीही माझं मत सेबनला. सात राष्ट्रीय विजेतेपदं, एक लुइझियाना स्टेटबरोबर २००३ चं, सहा इथली. अलाबामात २०१ विजय, २९ पराभव. आणि आकड्यांपेक्षा जानेवारी २०१८ ची अंतिम लढत. जॉर्जियाविरुद्ध मध्यंतराला ०-१३. दोन हंगामांत फक्त दोनदा हरलेला क्वार्टरबॅक (पास फेकणारा म्होरक्या) जेलन हर्ट्स, त्याला सेबनने बसवलं आणि तुआ टँगोवायलोआ नावाचं पहिल्या वर्षाचं पोरगं उतरवलं. जादा डावात ते पोरगं आधी सोळा यार्ड मागे ढकललं गेलं आणि पुढच्याच चेंडूला ४१ यार्डांचा पास टाकून सामना संपवला. चुकलं असतं तर सेबनला या गावात पेट्रोल मिळालं नसतं. (त्याच्या वडिलांचा वेस्ट व्हर्जिनियात पेट्रोलपंप होता. तिथे तो लहानपणी गाड्या धुवायचा आणि एक ओघळ राहिला तरी वडील पूर्ण गाडी परत धुवायला लावायचे. माझ्या सुपरवायझरला ही गोष्ट कुणी सांगू नका.)

ब्रायंटची सहा विजेतेपदं आहेत हे मान्य. पण तेव्हा विजेता मतदानाने ठरायचा, आणि १९६४ आणि १९७३ ची मतं बोल म्हणजे हंगामानंतरच्या खास सामन्याआधीच पडली होती, आणि दोन्ही वर्षी तो बोल हरला. शेजारच्या आजोबांसमोर हे वाक्य मी आजवर उच्चारलेलं नाही.

कोलंबसवासी

छोटासा किस्सा. मिशिगनशी सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारात इंग्रजी एम अक्षर दिसेल तिथे लाल फुली मारतात. आमच्या दिवाळी फराळाची पाटी हॉलबाहेर लावली होती, वर 'मराठी मंडळ', इंग्रजीत. फराळ करून बाहेर आलो तर दोन्ही एमवर फुल्या. अध्यक्षांना घातपात वाटला.

वुडी हेझ इथे २८ हंगाम होता. विजय २०५. त्याच्याकडे सहायक म्हणून शिकलेला बो शेम्बेक्लर मिशिगनला गेला आणि १९६९ ते १९७८ दोघांनी जे केलं त्याला इथे 'दहा वर्षांचं युद्ध' म्हणतात. डिसेंबर १९७८ मध्ये, गेटर बोलमध्ये, क्लेम्सनच्या पोराने पास अडवला आणि हेझने बाजूरेषेवर त्याला ठोसा मारला. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. इथले जुने लोक त्याचं इस्पितळात जाऊन रुग्णांना भेटणं सांगतात, ठोशाचं कुणी काढत नाही. मी काढलं होतं एकदा. पॉटलकला पुढचं आमंत्रण दोन वर्षांनी आलं.

लिंकनचा जुना

परभणीहून ऑगस्ट १९८३ मध्ये नेब्रास्काला शेतीशास्त्रात पीएचडीला आलो. मे महिन्याच्या उन्हाची सवय असलेला माणूस, डिसेंबरात नाक गोठतं हे शिकलो. गाइड शेतकरी घरातले, सोयाबीनवाले. २ जानेवारी १९८४ ला त्यांनी घरी बोलावलं: ऑरेंज बोल, नेब्रास्का विरुद्ध मायामी.

नेब्रास्का तोवर अजिंक्य, क्रमांक एक. शेवटच्या मिनिटाला टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार) करून ३०-३१. सरळ लाथ मारून एक गुण घ्यायचा, बरोबरी करायची. तेव्हा जादा डाव नव्हते. बरोबरी झाली असती तरी विजेतेपद बहुधा नेब्रास्कालाच मिळालं असतं, हे त्या खोलीतल्या सहा वर्षांच्या पोरालाही माहीत होतं. कोच टॉम ऑस्बोर्न दोन गुणांसाठी, म्हणजे चेंडू पुन्हा रेषेपार न्यायला, गेला. पास मायामीच्या एकाच्या हाताला निसटता लागला आणि खाली पडला. हरले.

मी गाइडना विचारलं, "सर, एक गुण का नाही घेतला?" ते बूट घालत होते. नाडी बांधून झाल्यावर म्हणाले, "आम्ही इथे बरोबरीसाठी आलो नव्हतो." आणि बर्फ उपसायला बाहेर गेले. रात्री अकरा वाजता. मीही फावडं घेतलं, काय करणार.

ऑस्बोर्नला पहिलं विजेतेपद मिळायला त्यानंतर अकरा वर्षं लागली, तेही ऑरेंज बोलमध्येच, मायामीलाच हरवून. मग १९९५, १९९७. पंचवीस हंगामांत २५५ विजय, ४९ पराभव. मला एकच गोष्ट बोचते: १९९५ साली पूर्वीच्या मैत्रिणीला मारहाण करणाऱ्या खेळाडूला त्याने निलंबनानंतर त्याच हंगामात परत घेतलं. त्या पोराला सावरायला शिस्त हवी, असं त्याचं म्हणणं होतं. माझ्या बायकोने तेव्हापासून सामने बघणं सोडलं, आणि तिच्याशी वाद घालायला माझ्याकडे मुद्दा नाही.

पुण्यातून बहीण

माझा भाऊ टेक्ससमध्ये. सामना इथल्या रात्री एक वाजता सुरू होतो आणि तो मला फोनवरून समजावतो. दर चार सेकंदांनी खेळ थांबतो आणि तासाभराचा खेळ साडेतीन तास चालतो. तुमचा सर्वांत मोठा कोच तो, जो हे लवकर संपवेल.

स्टेट कॉलेजची विद्यार्थिनी (२०१० ते २०१२)

मी नाव घेणार नाही असं ठरवून आले होते, पण या धाग्यात इथल्या पेन स्टेट विद्यापीठाचा कोच जो पॅटर्नो नाही हेही खोटं वाटेल.

ज्या ग्रंथालयात मी थीसिस लिहिला त्याला त्याचं आणि त्याच्या बायकोचं नाव, कारण त्यासाठी त्यांनी पैसे दिले होते. डेअरीच्या दुकानात त्याच्या नावाचं पीच आइस्क्रीम. वर्गातली मुलं त्याला 'जोपा' म्हणायची, आपण आजोबांना हाक मारावी तसं. आणि नोव्हेंबर २०११ मध्ये त्याच्या जुन्या सहायकावर लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप ठेवले गेले. ९ तारखेच्या रात्री पॅटर्नोला काढलं. मी खिडकीत उभी होते. रस्त्यावर हजारो मुलं, एका वाहिनीची गाडी त्यांनी उलटवली. माझी रूममेट आधी घोषणा द्यायला खाली गेली, अर्ध्या तासाने वर आली आणि जमिनीवर बसून रडली. म्हणाली, मी कुणासाठी ओरडत होते तेच कळेना.

४०९ विजय. त्यातले १११ या प्रकरणाच्या शिक्षेत पुसले गेले, २०१५ मध्ये परत लिहिले गेले. मला त्या आकड्याकडे बघता येत नाही. जी मुलं पुढे दोषी ठरलेल्या त्या माणसाच्या तावडीत होती, त्यांचं काय ते कुठल्या रकान्यात लिहिणार?

मिनेसोटाची आई

वरचं वाचून दोन दिवस काही लिहावंसं वाटलं नाही. तरी लिहिते.

मुलगा नववीत फुटबॉलला जातो म्हणाला, मी नाही म्हटलं, डोक्याला मार लागतो. त्याच्या शाळेतल्या एका शिक्षकांनी मला जॉन गॅग्लियार्डीबद्दल सांगितलं. सेंट जॉन्स म्हणून इथे छोटं कॉलेज आहे, शिष्यवृत्ती न देणाऱ्या तिसऱ्या श्रेणीतलं. हा कोच तिथे १९५३ ते २०१२. एकूण विजय ४८९, कॉलेज फुटबॉलमध्ये याहून जास्त कुणाचेच नाहीत. आणि सरावात टॅकल करायला, म्हणजे समोरच्याला धरून पाडायला, बंदी! शिट्टी नाही, शिक्षा म्हणून पळवणं नाही, डास फार झाले तर सराव रद्द. त्याला 'कोच' म्हणायचं नाही, नुसतं 'जॉन'. सरावात एक व्यायाम असा, की गवतावर उताणं पडायचं आणि शेजाऱ्याला 'काय सुंदर दिवस आहे' म्हणायचं.

मुलगा शेवटी बुद्धिबळात गेला. गवतावर पडायचा व्यायाम मात्र नेमाने करतो, सोफ्यावर.

उत्तर लुइझियाना, फिजिओथेरपिस्ट

सेबन, ब्रायंट, सगळं ठीक. एडी रॉबिन्सन अजून कसा आला नाही? ग्रॅम्बलिंग, कृष्णवर्णीयांचं छोटं कॉलेज, इथून जवळच. १९४१ ला रुजू, १९९७ ला निवृत्त. विजय ४०८. दुसऱ्या हंगामात नऊपैकी नऊ जिंकले आणि समोरच्यांना एक गुणही करू दिला नाही. १९८५ मध्ये त्याने ब्रायंटचा ३२३ चा विक्रम मोडला. दोनशेहून जास्त खेळाडू व्यावसायिक संघांत पाठवले. सुपर बोल (व्यावसायिकांची अंतिम लढत) जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक डग विल्यम्स त्याचाच, आणि त्याच्यानंतर ग्रॅम्बलिंगचा कोचही तोच झाला.

माझ्याकडे गुडघ्याच्या व्यायामाला एक आजोबा यायचे, साठच्या दशकात त्याच्या हाताखाली खेळलेले. गुडघा वाकवताना दुखलं की ते कोचच्या गोष्टी सुरू करायचे, म्हणजे मी थांबेन. सकाळी सहाला कोच वसतिगृहात गाईच्या गळ्यातली घंटा वाजवत फिरायचा. सरावासाठी नाही, वर्गात जायला. परगावी सामना असला की बस वाटेत खानावळीपाशी थांबायची नाही, कारण गोऱ्यांच्या खानावळीत वाढायचेच नाहीत. मग कोचकडची सँडविचेस. आजोबा हातवारे करून दाखवायचे: पाव, मॉर्टाडेलासारखं मांस, पाव, कागद, मागच्या सीटवर पास. "टचडाउनचा पास चुकला तर चालेल," म्हणायचे, "सँडविचचा झेल सोडलास तर उपाशी."

ब्रायंटच्या संघात पहिला कृष्णवर्णीय शिष्यवृत्तीचा खेळाडू १९७० मध्ये आला. तोवर दक्षिणेतल्या अशा पोरांना ग्रॅम्बलिंगसारखीच दारं होती, म्हणून संघ भारी, असं काही जण म्हणतात. हे मी आजोबांना विचारलं. त्यांनी गुडघा माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "मग त्याला आमच्याशी एकदा खेळायला सांगायचं होतंस." त्या दिवशीचे व्यायाम अर्धेच झाले.

टस्कलूसाकर

अख्खा धागा मामांना फोनवर वाचून दाखवला. घंटेपाशी त्यांनी थांबवलं, परत वाचायला लावलं. त्यांचे वस्ताद पहाटे चारला दारावर काठी आपटायचे. मामांचं मत आता रॉबिन्सनला, माझं सेबनलाच. ब्रायंटबद्दल म्हणाले, माणूस चांगला, पण त्या खेळवाल्यानं अस्वलाचे पैसे बुडवले ते काही बरं केलं नाही.