जेवणाचं काय धरून बसायचं म्हणजे?
"वातावरण, सर्व्हिस एवढी छान होती तर जेवणाचं काय धरून बसायचं" हे एका रेस्टॉरंटबद्दल कुणीतरी म्हटलेलं मला अजिबात पटलं नाही. अहो माणूस तिथे जेवायलाच जातो ना! मिशेलिन गाइड, म्हणजे रेस्टॉरंटचा दर्जा ठरवणारं प्रसिद्ध मार्गदर्शक, १९२६ पासून चांगल्या रेस्टॉरंटना स्टार देतंय, त्यांचे इन्स्पेक्टर ओळख न सांगता जाऊन जेवतात आणि स्टार ठरवताना फक्त ताटातलं बघतात, म्हणजे कच्च्या मालाचा दर्जा, शिजवण्याचं कौशल्य, चवींचा मेळ, शेफची स्वतःची छाप आणि हे सगळं दर वेळी तसंच मिळतं का. झुंबरं न् गालिचे त्यात येतच नाहीत.

आम्ही एका रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो तिथेही जेवणच बिघडलं, मेन कोर्स कोमट आला आणि मधे इतका वेळ गेला की भूकच मेली. कोमट येतं कारण बऱ्याचदा एका टेबलाच्या सगळ्या प्लेट एकदम न्यायच्या म्हणून जी आधी तयार होते ती तशीच पडून राहते, त्यात प्लेट गरम केलेली नसेल तर संपलंच. शिवाय मोठ्या आवाजात गोड-खारट चव कमी जाणवते, मग एवढं जोरात म्युझिक कशाला लावतात देव जाणे.

आणि पुढच्या वेळी जेवणात काही बिघडलेलं वाटलं तर पहिल्या एकदोन घासांतच वेटरला सांगा, शांतपणे. अर्धी प्लेट संपल्यावर बदलून मागणं अवघड होतं. मॅनेजरने नुसतीच मान डोलावली तर मग बिनधास्त रिव्ह्यू लिहा, अगदी काय बिघडलं होतं त्या तपशिलासकट.