परदेशातील मुक्कामात व्यायामशाळा: कोठे काय चालते?

प्रश्न (सातारचा_गडी):
कार्यालयीन कामानिमित्त म्युनिक आणि टोकियो येथे काही आठवडे राहायचे असून परतीच्या वाटेवर बँकॉकला थांबा आहे. हॉटेलातील जिममध्ये ट्रेडमिल आणि हलक्या डंबेल्सपलीकडे सहसा काही नसते, त्यामुळे बाहेर शोधणे भाग आहे. तालमीत जोर-बैठका मारत वाढल्यामुळे मला उपकरणांची मातब्बरी वाटत नाही. मात्र तेथील रीतीभाती आधी कळल्या, तर चारचौघांत शोभा होणार नाही. दंडावर मारुतीचे गोंदण आहे, त्याने काही फरक पडतो का, हेही सांगावे.

उत्तर (इसारकाठचा):
म्युनिकला जाताना मोठा टॉवेल घ्या. बाक असो वा मशीन, अंगाखाली टॉवेल अंथरल्याशिवाय बसायचे नाही, हा नियम जवळजवळ सर्वत्र आहे आणि तो केवळ फलकापुरता नसतो. कर्मचाऱ्यांच्या आधी शेजारी व्यायाम करणाऱ्या आजीबाईच सुनावतात. मासिक शुल्क स्वस्त दिसले म्हणून सही करू नये, कारण तो दर बहुधा वर्ष-दोन वर्षांच्या करारावर मिळतो. मार्च २०२२ पासून कायदा बदलल्यामुळे नव्या करारांत पहिली मुदत संपल्यावर एक महिन्याची सूचना देऊन बाहेर पडता येते, पूर्वीसारखे आणखी एक वर्ष आपोआप गळ्यात पडत नाही; पण पहिल्या मुदतीचे पैसे भरावेच लागतात. त्यामुळे आपण एका दिवसाचे तिकीट मागावे.

जिमला जोडून सौना (घाम काढण्यासाठीची तापवलेली लाकडी खोली) असल्यास तेथे बहुतेक ठिकाणी स्त्री-पुरुष एकत्र आणि विवस्त्र बसतात, पोहण्याचा पोशाख घालून जाणेच गैर मानले जाते. घामाचा थेंब लाकडावर पडू नये म्हणून तळपायांखालीही टॉवेल लागतो. संकोच वाटत असेल तर शॉवर घेऊन सरळ घरी यावे, कोणी आग्रह करत नाही.

उत्तर (निशीकासाईकर):
टोकियोत गोंदणाने फरक पडतो. तेथे गोंदणाचा संबंध अनेक वर्षे याकुझा या गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला गेल्यामुळे बऱ्याच जिम गोंदण असलेल्यांना प्रवेश नाकारतात, तर काही ठिकाणी ते झाकले की चालते. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालावा आणि आधी विचारून घ्यावे.

प्रवाशासाठी सर्वांत सोयीची जागा म्हणजे वॉर्डाच्या नगरपालिकेची व्यायामशाळा. दाराशी यंत्रातून काही शे येनचे तिकीट काढायचे, बाहेरचे बूट काढून फक्त आत वापरायचे स्वच्छ बूट घालायचे आणि कामाला लागायचे. तालमीत चपला बाहेर ठेवून मातीला हात लावण्याची सवय असलेल्याला हे शिकवावे लागणार नाही. वजने आपटणे आणि हुंकार देणे मात्र टाळावे.

तरीही यावरून जपानी शिस्तीबद्दल सरसकट निष्कर्ष काढू नये असे मला वाटते. याच देशात राइझॅप कंपनीने २०२२ साली 'चोकोझॅप' ही साखळी सुरू केली, जिथे ऑफिसच्या कपड्यांत, बूटही न बदलता पाच मिनिटे व्यायाम करून निघून जाता येते. कर्मचारी नसतात, दार मोबाइलने उघडते. आपल्यासारख्यांना तेथील वजने अपुरी पडतील, शिवाय ती मासिक सभासदत्वावर चालते.

उत्तर (मुक्काम_बँकॉक):
बँकॉकला थोड्या दिवसांसाठी जिम शोधूच नका, लुम्फिनी उद्यानात जा. संध्याकाळी तेथे धावणाऱ्यांची गर्दी असते, सामुदायिक एरोबिक्स चालते आणि उघड्यावर वजनेही उचलता येतात. सहा वाजता ध्वनिक्षेपकावर राष्ट्रगीत लागले की धावणारी सारी मंडळी जागच्या जागी उभी राहतात, तेव्हा आपणही थांबावे. सकाळी आठलाही हेच. मारुतीबद्दल मात्र निश्चिंत असा. थायलंडमध्ये तो 'हनुमान' म्हणूनच ओळखला जातो आणि त्याचे गोंदण तेथील लोकही अंगावर काढून घेतात.