आजीचं लुगडं, तोडे आणि खाजगी संग्रहालय : द्यावं की नाही?

बार्शीकर : आमच्याकडे सध्या भांडणाचं कारण जमीन नाही, आजीची ट्रंक आहे. आत तीन इरकली लुगडी, गुळेदगुड्डच्या खणाच्या चोळ्या, रुप्याचे तोडे, दंडातल्या वाक्या. शेजारच्या गावात एका संग्राहकानं वाड्यात लोकवेश आणि दागिन्यांचं संग्रहालय मांडलंय. ते हे सगळं विकत मागतायत. चुलते म्हणतात देऊन टाका. माझा विरोध आहे.

मी ते बघून आलो. मांडणी देखणी, पण पाट्या काय? 'ग्रामीण स्त्रीचे तोडे'. गाव नाही, घडवणारा सोनार नाही, घालणारी तर नाहीच. लमाण बायकांचे दागिने चार कपाटं भरून आहेत. कुठून आणले विचारलं, तर म्हणाले, सराफाकडून वजनावर घेतले. सराफाकडे मोडीत ते कसे येतात, हे आमच्या घराला ठाऊक आहे. ७२च्या दुष्काळात आजीनं वाक्यांची एक जोडी अशीच मोडली होती.

सुईदोरा : असहमत. ट्रंकेत ठेवून काय साधणार? सुती अंग टिकेल एखादवेळी, रेशमी पदर घडीवर चिरत जातो. तुमच्या पिढीनंतर लुगड्याची गोधडी होणार आणि तोड्यांचं लग्नात द्यायचं चांदीचं ताट. पुण्यात दिनकर केळकर घरोघर मागत फिरले नसते तर पाय घासायच्या वज्र्या, अडकित्ते, फण्या कुणी जपल्या असत्या? तोही एका माणसाचा खाजगी नादच होता. सात वर्षांचा मुलगा गेला, त्याचं नाव संग्रहाला दिलं.

बार्शीकर : केळकरांचं अर्धंच सांगितलंत. १९७५ साली त्यांनी संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. आमच्याकडचे संग्राहक स्वतःच म्हणतात, पोराला यात रस नाही. मग त्यांच्यामागं ते तोडे कुठं जाणार? आणि केळकर संग्रहालयातही २०,००० हून जास्त वस्तूंपैकी मांडलेल्या साधारण २,५००. बाकीच्या ट्रंकेतच की!

सुईदोरा : कोठार म्हणजे ट्रंक नव्हे हो.

नोंदवही : संग्रहालयात नोकरी केली आहे, म्हणून दोन गोष्टी. १९७२च्या कायद्यानं पुरावस्तू ठरायला वस्तू शंभर वर्षांची लागते, तेव्हाच ती देशाबाहेर न्यायला बंदी. आजीचे तोडे साठ-सत्तर वर्षांचे असतील तर कायदा त्यांना ओळखतच नाही. उद्या कुणीही कुठंही विकेल. तेव्हा द्यायचंच तर विकू नका, अटी घालून लेखी करार करून द्या. आणि कापडावर किती उजेड पडतो ते बघा. ५० लक्सच्या वर नको. वाड्यातली उन्हाची तिरीप फोटोत छान दिसते, पण रंग तीच खाते.

बार्देशकर : माझं मत : नेसा! गोव्यात फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी लुगडं पुन्हा मागावर चढवलं, म्हणून आज लोकांना ते ठाऊक आहे. काचेतलं लुगडं मेलेलं.

सुईदोरा : त्याच वेंडेलनी कोलवाळचं राहतं घर वेशभूषेच्या संग्रहालयासाठी सोडलं, हे विसरलात. आणि गावडा-कुणबी बायका जे खांद्यावर गाठ मारून शेतात नेसायच्या, ते नवं लुगडं त्यांच्या नातींपैकी किती जणींना परवडतं?

तांड्यावरून : इतका वेळ नुसता वाचत होतो. बार्शीकरांनी लिहिलंय ती लमाण दागिन्यांची कपाटं मीही पाहिलीत. तिथल्या एका पुतळ्याला घुगरी-टोपली (केसांत अडकवायचे दागिने) घातलीय आणि पाटीवर 'लमाण कुमारिका'. घुगरी-टोपली लग्न झालेल्या बाईची खूण. आई सोबत होती, ती हसली आणि मग बराच वेळ बोलली नाही.

तरीही मी म्हणेन, द्या. माझ्या मुलीनं घुगरी आयुष्यात पहिल्यांदा तिथंच बघितली. आमच्या घरात एकही उरलेली नाही. पाटी चुकली तर बदलता येते. मी दोनदा सांगून आलोय, अजून बदलली नाही, पण पुन्हा जाणार आहे.

बार्शीकर : हे वाचून आत्याला फोन केला. तोडे कुणी घडवले, आजी ते कधी काढून ठेवायची, सगळं तिनं अर्धा तास सांगितलं, रेकॉर्ड केलंय. तोडे आणि दोन लुगडी पाच वर्षांच्या लेखी बोलीवर देऊन बघतो, विकणार नाही. पाटी आम्ही लिहून देणार. तिसरं लुगडं आत्यानं मागून घेतलं, म्हणाली ते मला शेवटी नेसवा. चुलते अजून रुसलेलेच आहेत.