मदत हवी आहे: सांगलीच्या पेढीवरची टॅली तासगावच्या कोल्ड स्टोरेजमधून कशी चालवावी?

मंडळी, नमस्कार.

सांगली मार्केट यार्डात आमची बेदाण्याची अडत आहे, माल राहतो तासगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. पेढीवर टॅली प्राइम गोल्ड (हिशेबाचं सॉफ्टवेअर, एका वेळी अनेकांना चालवता येणारं), तीन कॉम्प्युटर एका लॅनवर, म्हणजे पेढीतल्याच नेटवर्कवर, डेटा दिवाणजींच्या मशिनवर. इथवर काही त्रास नाही. तासगावला मात्र माल आत-बाहेर झाला की तिथला मुलगा वहीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो आणि दिवाणजी संध्याकाळी नोंदी करतात. मग ऐन सौद्यात कुठल्या लॉटच्या किती पेट्या शिल्लक, हे टॅलीवरून सांगता येत नाही. नोंद तिथूनच, त्याच वेळी व्हावी, एवढंच हवंय.

एकाने सुचवलं, राउटरवर ३३८९ पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडा आणि रिमोट डेस्कटॉप वापरा, म्हणजे पेढीचं मशिन तासगावच्या स्क्रीनवरून चालवा. पण आमचं इंटरनेट सीजीनॅटच्या मागे आहे, म्हणजे कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते, बाहेरून ते लागणारच नाही. लागलं असतं तरी ते पोर्ट उघडं ठेवायची माझी छाती नाही, रॅन्समवेअरवाले (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे) तेच शोधत फिरतात. दुसरा मार्ग, व्हीपीएन (दोन ठिकाणांमधली खाजगी जोडणी) टाकून डेटाचं फोल्डर तासगावला शेअर करणं. तिसरा, भाड्याच्या क्लाउडवर टॅली. त्याला वडिलांचा ठाम नकार: आपल्या वह्या दुसऱ्याच्या घरी कशाला?

फोल्डर शेअरिंग करून पाहिलंय का कुणी?

प्रतिसाद

त्या वाटेला जाऊ नका. एकेका नोंदीसाठी टॅली डेटा फाइलींशी पुष्कळ बारीक देवघेव करते. लॅनवर ती कळतही नाही, पण लांबच्या लाइनवर प्रत्येक फेरीला वेळ लागतो आणि स्क्रीन गोठते. मधेच लाइन गेली तर बिघडलेला डेटा रीराइट (दुरुस्त) करत बसाल.

टेलस्केल टाका, हेही व्हीपीएनच, पण सोपं. दोन्ही मशिनं आपणहून बाहेर जोडणी करतात, म्हणून सीजीनॅट आड येत नाही. त्यातून रिमोट डेस्कटॉप वापरा. डेटा पेढीवरच राहतो, तासगावला फक्त स्क्रीन दिसते. वडीलही खूश! मात्र पेढीच्या मशिनवर विंडोज प्रो हवं, विंडोज होमवर रिमोट डेस्कटॉपने बाहेरून आत घ्यायची सोय नाही. आणि प्रोवरही एका वेळी एकच माणूस. मुलगा आत शिरला की दिवाणजींची स्क्रीन लॉक. तेव्हा त्याच्यासाठी पेढीवर वेगळं मशिन ठेवा, लॅनवरच.

धागाकर्ता

दिवाणजींना बाहेर काढलं तर ते मलाच बाहेर काढतील! एक जुनं आय३ मशिन पडून आहे, ८ जीबी रॅम, विंडोज १० प्रो. पण १० चे मोफत अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले आणि हे मशिन ११ घेत नाही. पोर्ट बाहेर उघडं नसेल तर एवढ्या कामापुरतं ते चालेल, की नवंच घ्यावं?