शाळेत धोक्याचं काही दिसलं तर पोरांनी सांगावं का?

मानेवाडावाला: परवा पालकसभेत ठरलं, कोणी दप्तरात चाकू आणला किंवा इन्स्टावर 'उद्या संपवतो' टाकलं तर पोरांनी लगेच मॅडमला सांगायचं. अर्ध्या पालकांनी नाकं मुरडली, म्हणे पोट्टे चुगलखोर होतील. मला तर पटलं बा. ऑगस्ट २०२५ मध्ये अहमदाबादला शाळेतल्याच लहान पोरानं दहावीच्या पोरावर चाकू चालवला, पोरगा गेला. अमेरिकेत सिक्रेट सर्व्हिसनं (राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा पाहणारं तिथलं खातं) १९७४ ते २००० मधले ३७ शाळा-हल्ले तपासले तर ८१ टक्के वेळा कोणाला ना कोणाला आधीच कुणकुण होती, अन् ते बहुतेक सोबतचे पोरंच. मोठ्यांना सगळ्यात शेवटी कळते.

सक्करदरा_भाऊ: अमेरिका काऊन आणता इथं? तिथं बंदुका घराघरात. आपले पोट्टे दिवसातून दहा वेळा 'मारून टाकीन बे' म्हणतात, सगळे रिपोर्ट करायचे का? अन् नाव कोणाचं जाईल ते आताच सांगतो, वस्तीतल्या पोराचं. डॉक्टरचा पोरगा तेच बोलला की मस्करी.

सातवी_ब_च्या_बाई: भाऊ, वस्तीवालं बरोबर आहे, स्टाफरूममध्ये होते असं. पण रागात बोलणं वेगळं अन् कोणाला, कुठे, कशानं हे ठरवून बोलणं, फोनवर हत्याराचे फोटो दाखवत फिरणं वेगळं, अन् हा फरक पोरांना आपल्यापेक्षा चांगला समजतो. त्याच अभ्यासात ७१ टक्के हल्लेखोरांना आधी स्वतःलाच कोणी ना कोणी छळलं, धमकावलं किंवा मारलं असं वाटत होतं. म्हणजे कोणाबद्दल तक्रार आली की आधी त्या पोराला जवळ बसवून विचारायचं, टीसी हातात नाही द्यायची.

गिट्टीखदान_मामा: बोलायला सोपं आहे बाई. माझ्या भाच्यानं सांगितलं तर सरांनी भर वर्गात उभं करून विचारलं, 'तूच बोलला होता ना?' ज्याचं नाव घेतलं त्यानं संध्याकाळी शिकवणीबाहेर भाच्याला चोपला. आता काही झालं तरी तोंड नाही उघडत तो.

मानेवाडावाला: म्हणून तर नाव गुप्त पाहिजे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर तिथल्या कोलोरॅडो राज्यात 'सेफ टू टेल' नावाची लाइन निघाली, सांगणाऱ्याचं नाव कोणी विचारतच नाही. आपल्याकडंही बदलापूरनंतर ऑगस्ट २०२४ च्या जीआरमध्ये तक्रारपेटी आलीच आहे ना.

गिट्टीखदान_मामा: जीआरमध्ये पेटी होती अन् कॅमेरे पण होते, आमच्या शाळेनं दोन्ही एकाच भिंतीवर लावले 😂 कॅमेऱ्यासमोर जाऊन कोणतं पोरगं चिठ्ठी टाकन?

सातवी_ब_च्या_बाई: हे खरंच हलवायला पाहिजे, जिन्याखाली लावा. शाळेत सांगायची भीती वाटली तर १०९८ आहे, पोरांसाठीच आहे तो नंबर, पण कित्येक पोरांना पाठच नाही.

सक्करदरा_भाऊ: चला, पेटीपुरता मी तयार. पण किल्ली एकट्या प्रिन्सिपलकडं नको, पालकांपैकी कोणी सोबत असल्याशिवाय उघडायची नाही. अन् पहिल्या महिन्यात 'गणिताचे सर तासाला झोपतात' हेच निघन, तेव्हा चिडू नका म्हणजे झालं.