रोलिंग शटरचा थंड कॅमेरा घेतला तर तारे तिरके येतील का?

घड्याळवाला_कराड

नमस्कार मंडळी. कराडला माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून चक्रं बघायची आणि रात्री गच्चीवर आकाश, असं सहा वर्षं चाललंय. ८० मिमीची ईडी दुर्बीण आहे, फोकल लेंग्थ ४८० मिमी, खाली मोटार बसवलेलं, ताऱ्यांबरोबर फिरणारं ईक्यू-५ माउंट. फोटो जुन्या डीएसएलआरवर काढतो. उन्हाळ्यात त्याची फार दैना होते. एप्रिलमध्ये रात्री अकरालाही गच्चीवर ३० अंश असतं. तीन मिनिटांच्या फोटोत लाल-निळे ठिपके इतके उठतात, की खरे तारे कुठले ते शोधत बसावं लागतं.

म्हणून दोन वर्षं पैसे बाजूला टाकले. एएसआय ५३३ एमसी प्रो, म्हणजे सेन्सर थंड ठेवणारा कॅमेरा, घ्यायचा जवळजवळ ठरवला होता. पण लग्नाचे व्हिडिओ करणारा एक मित्र म्हणाला, "त्यात रोलिंग शटर आहे. सेन्सर एकेक ओळ वाचत खाली येतो. फिरता पंखा शूट केला तर पाती वाकलेली दिसतात. आकाश तर सतत फिरतंय!" तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. माझ्या कामात सेकंदकाटा जरा अडखळला तरी गिऱ्हाईक परत येतं. एकाच फोटोत वरची ओळ एका वेळेची आणि खालची दुसऱ्या वेळेची, मग तो फोटो खरा कसा म्हणायचा? सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपणारा, ग्लोबल शटरचाच शोधू का?

रोहिणी_पुणे

दादा, तुमचा मित्र सांगतोय ते व्हिडिओसाठी अगदी बरोबर आहे. पण तुमच्या कामाचा हिशोब मांडून बघू.

५३३ पूर्ण चौकटीत सेकंदाला सुमारे २० फोटो देतो. म्हणजे वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत ढोबळमानाने सेकंदाचा विसावा भाग जातो. तुम्ही १८० सेकंदांचं एक्स्पोजर दिलं तर वरच्या ओळीलाही १८० सेकंद मिळतात आणि खालच्या ओळीलाही तेवढेच. खालची थोडी उशिरा सुरू होते आणि तेवढीच उशिरा संपते. प्रकाश कुणालाच कमी पडत नाही.

आता फिरण्याचं. आकाश सेकंदाला जास्तीत जास्त १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतं. माउंट बंद ठेवलं तरी विसाव्या भागात पाऊण विकला. ४८० मिमीवर ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल १.६ विकला व्यापतो. म्हणजे मोटार न लावताही तिरकेपणा अर्ध्या पिक्सेलच्या आत, आणि माउंट तारा धरून ठेवतं तेव्हा तोही उरत नाही. तारे लांबट आले तर आधी ध्रुवसंरेखन (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे नीट रोखणं) आणि गाइडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल सुधारत राहणं) तपासा.

ग्लोबल शटरमध्ये सगळ्या ओळी एकाच क्षणी थांबवायच्या, म्हणून वाचून होईपर्यंत प्रत्येक पिक्सेलला आपला प्रकाश कुठेतरी राखून ठेवावा लागतो. त्यासाठी पिक्सेलमध्येच जागा जाते. तेजोमेघांसाठी आपल्याला हवा असतो कमी रीड नॉइज (सेन्सर वाचताना मिसळणारा गोंधळ) आणि पिक्सेलमध्ये भरपूर साठवण. ५३३ मध्ये दोन्ही आहेत, शिवाय १४ बिट, म्हणजे उजेडाच्या बारीक पायऱ्या. कोपऱ्यात ॲम्प ग्लो, म्हणजे सेन्सरच्याच सर्किटचा उजेडही येत नाही. मी आधी एएसआय १८३ कॅमेरा वापरत होते, त्यात उजवीकडे उजेड चढायचा. त्याच तापमानाचे आणि त्याच वेळेचे डार्क (झाकण लावून काढलेले, नंतर वजा करायचे फोटो) काढले की तो जायचा, पण ते डार्क दर वेळी जपावे लागायचे.

थंडाव्याबद्दल एक सांगते. कंपनी भोवतालापेक्षा ३५ अंश खाली म्हणते, म्हणून एप्रिलमध्ये उणे १० चा हट्ट धरू नका. कूलर शंभर टक्क्यांवर जातो, तापमान हलत राहतं आणि डार्क जुळत नाहीत. उन्हाळ्यात शून्य, थंडीत उणे १०, असे दोनच संच ठेवा. बॅटरीची वायर जाड आणि आखूड घ्या. पातळ वायरीत व्होल्टेज पडतं आणि मध्यरात्री कूलर मान टाकतो.

चौकोनी सेन्सर आहे, तुमच्या दुर्बिणीवर १.३५ अंश दिसेल. धनूतला लगून तेजोमेघ त्यात छान बसतो. देवयानी दीर्घिका मात्र मावणार नाही.

पिधानवेडा

रोहिणीताईंचं सगळं मान्य. पण दादा, तुम्ही विचारलेला प्रश्न एका ठिकाणी खराच अडतो, आणि ते तुमच्याच आवडीचं निघेल: पिधान.

लघुग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा त्याची सावली जमिनीवरून धावते, बऱ्याचदा सेकंदाला १०-२० किमी वेगाने. तारा विझला नेमका कधी, यावरून लघुग्रहाचा आकार काढतात. तिथे सेकंदाचा विसावा भाग चुकला तर अर्धा-एक किमीची चूक झाली. म्हणून तारा कितव्या ओळीवर होता हे लक्षात घेऊन वेळ दुरुस्त करावी लागते, किंवा ग्लोबल शटर लागतं. जुलै २०१७ मध्ये अर्जेंटिनात न्यू होरायझन्स यानाच्या पुढच्या लक्ष्याची, आजच्या अरोकोथची, सावली पकडायला वीसहून जास्त दुर्बिणी ओळीने लावल्या होत्या. तारा विझलेला फक्त पाच दुर्बिणींना दिसला. त्या मोहिमेत क्यूएचवाय १७४ जीपीएस कॅमेरे होते, ग्लोबल शटरचे, प्रत्येक चौकटीवर जीपीएसची वेळ उमटवणारे.

तेजोमेघांसाठी निर्धास्त ५३३ घ्या.

घड्याळवाला_कराड

महिन्याने लिहितोय. कॅमेरा आला. पहिल्याच रात्री लगून, शून्य अंशावर, ४० फोटो. ते ठिपके गेले! बायकोला झोपेतून उठवून दाखवलं.

पण फ्लॅटनी, म्हणजे दुर्बिणीसमोर एकसारखा उजेड धरून काढायच्या दुरुस्तीच्या फोटोंनी, मला रडवलं. एलईडीच्या पॅनेलवर ८ मिलिसेकंदांचे फ्लॅट घेतले तर आडवे पट्टे, साडीच्या काठासारखे. दोन रात्री वाटलं कॅमेराच बिघडलेला आला.

रोहिणी_पुणे

दादा, रोलिंग शटर खरं चावतं ते इथे, आणि ही सूचना मी आधीच द्यायला हवी होती. उजेड कमी करताना ते पॅनेल दिवा मंद करत नाही, भराभर चालू-बंद करतं. इतक्या छोट्या एक्स्पोजरमध्ये काही ओळींच्या वाट्याला दिवा बंद असतानाचा वेळ जास्त येतो. पॅनेल पूर्ण उजेडावर ठेवा, वर पांढऱ्या कागदांची चळत घाला आणि एक्स्पोजर दोन-तीन सेकंदांपर्यंत न्या. मग शेकडो उघडझापी एका फोटोत मिसळतात. झाकण लावून फ्लॅटच्याच वेळेचे डार्क-फ्लॅटही काढा, बायसवर (अगदी छोट्या एक्स्पोजरच्या काळ्या फोटोंवर) विसंबू नका.

घड्याळवाला_कराड

ताई, झालं! कागदाऐवजी वडिलांचं धुतलेलं धोतर चार पदरी करून लावलं, अडीच सेकंद दिले. पट्टा औषधालाही नाही.

त्या पट्ट्यांकडे बघताना मात्र एक सुचलं. पट्टा म्हणजे ओळींची वेळच की! दुकानात एक जीपीएस मॉड्यूल पडलंय, दर सेकंदाला ठोका देणारं. त्या ठोक्यावर एलईडी क्षणभर पेटवून दुर्बिणीसमोर धरला, तर उजेड कितव्या ओळीवर पडतो ते दिसेल, आणि ओळीओळीतलं अंतर घरीच मोजता येईल. पिधानवेडा, सर्किट आज रात्री जोडतो. लुकलुक एक मिलिसेकंदाची ठेवू की आणखी छोटी?