मदत हवी आहे: सिगरेट सोडून व्हेपवर आलो आणि मूडची पार वाट लागलीय

बाल्कनीवाला
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. सिगरेट बंद करून व्हेप (ई-सिगरेट) घेतलंय, झाले असतील दोन-तीन आठवडे. खोकला कमी झाला, बायको खूश, कपड्यांना वास नाही वगैरे सगळं ठीक. पण मूड इतका खाली गेलाय की विचारू नका. तलफ म्हणाल तर तेवढी नाही, ती निभावून नेतो. हे वेगळंच आहे, सकाळी उठल्यापासून डोक्यावर मळभ, कशातच राम वाटत नाही. परवा लेकीने कॅरमच्या सोंगट्या लावल्या, स्ट्रायकर आणून माझ्या हातात दिला आणि मी तो बोटांत धरून नुसता बसून राहिलो, शेवटी तीच म्हणाली राहू दे बाबा. इथे डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळायची म्हणजे काय असतं ते माहितीच आहे. कोणाला असं झालंय का आणि कशाने गेलं, तेवढंच सांगा. विलपॉवर वाढवा छापाचे प्रतिसाद नकोत आणि व्हेप वाईट हे लेक्चर पण नको, माहितीये.

निर्व्यसनी_नाना
विलपॉवर शब्द नको म्हणता पण खरं औषध तेच आहे. मी १९९८ साली एका दिवसात सोडली, पाकीट लकडी पुलावरून खाली टाकलं ते टाकलं. तोंडाला चाळा म्हणून भाजलेला ओवा, बडीशेप आणि ज्येष्ठमधाचा तुकडा. मूडबिड काही झालं नाही, तेव्हा आम्हाला मूड असतो हेच माहीत नव्हतं. एक सोडून दुसरं धरायचं याला सोडणं म्हणत नाहीत.

सांगलीकर७६
"इथे" म्हणजे कुठे? भारतात असाल तर व्हेपवर २०१९ पासून बंदी आहे, सप्टेंबरात वटहुकूम आणि डिसेंबरात कायदा. मिळतात टपऱ्यांवर पण चोरीचा माल, आत काय भरलंय देवाला ठाऊक. मूड बिघडेल नाहीतर काय होईल.

कॉइलबदल
अरे मित्रा, डिव्हाइस कोणतं, लिक्विड कोणतं, त्यात निकोटिन किती मिलीग्रॅम, आधी रोजच्या किती ओढायचास? यातलं काहीच लिहिलं नाहीस. गाडी चालत नाही म्हणतोयस पण पेट्रोल आहे का नाही ते सांगत नाहीस.

बाल्कनीवाला
यूके. मिल्टन कीन्स. चोरीचा माल नाही, हायस्ट्रीटवरच्या दुकानातून घेतलंय. रिफिलचं छोटं पॉड आहे, काउंटरवरच्या पोराने दिलं. लिक्विड मँगो. सिगरेटी वीस-पंचवीस असायच्या, ऑफिसच्या दिवशी जास्त.
नाना, पाकीट नदीत टाकल्याबद्दल अभिनंदन.

कॉइलबदल
मिलीग्रॅम विचारलं होतं रे.

बाल्कनीवाला
बाटलीवर ३ लिहिलंय. त्याने काय फरक पडतो, धूर तर भरपूर येतो.

कॉइलबदल
इथेच तर घोळ आहे! वीस-पंचवीस सिगरेटवाल्याला छोट्या पॉडमध्ये ३?? ३ चं लिक्विड हे मोठे ढग सोडणाऱ्या, जास्त वॉटच्या मशीनसाठी असतं, त्यात एका झुरक्यात इतकी वाफ जाते की ३ पुरतं. तुझ्या पॉडमध्ये त्याने घशाला नुसतं गुदगुल्या होणार. यूकेत २० मिलीग्रॅमपर्यंत कायदेशीर मिळतं, तुझ्यासारख्यांनी सॉल्टमध्ये (निकोटिन सॉल्टचं लिक्विड) २० ने सुरू करावं, नाहीतर निदान १०-१२. सॉल्ट घशाला लागत नाही आणि लवकर चढतं. तू व्हेपवर आलेला नाहीस, तू बऱ्यापैकी कोल्ड टर्की (निकोटिन एकदम बंद) करतोयस फक्त हातात मँगोचा वास आहे. त्या पोराने तुला हे विचारायला हवं होतं.

निर्व्यसनी_नाना
म्हणजे सल्ला असा की निकोटिन सातपट वाढवा. धन्य आहे. माणूस व्यसन सोडायला आलाय की बढती मागायला?

कॉइलबदल
नाना, तो आधी वीस-पंचवीस सिगरेटी ओढत होता, त्यात निकोटिन नव्हतं का? माणसं निकोटिनसाठी ओढतात आणि मरतात धुरामुळे. कोक्रेनचे (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) रिव्ह्यू बघा, निकोटिनवाल्या व्हेपने सोडणाऱ्यांचं प्रमाण निकोटिनच्या पॅच-गमपेक्षा जास्त आलंय. खुद्द इंग्लंडमध्ये सरकारने २०२३ मध्ये स्वॅप टू स्टॉप म्हणून फुकट व्हेप किट वाटायची योजना काढली.

एक_पेठकर
वाटतंय म्हणून चांगलं असं नाही. आपल्याकडे मिश्री पण घरोघरी लावायचे.

चिंतातुर_आई
माफ करा, मध्येच विचारते. माझ्या नववीतल्या मुलाच्या कंपासपेटीत पेनसारखं काहीतरी सापडलं, स्ट्रॉबेरीचा वास येतो. हे तेच का? तो म्हणतो मित्राचं आहे. आम्ही ठाण्याला असतो.

गोळीवाली
@चिंतातुर_आई, बहुतेक तेच. मित्राचं असेल किंवा नसेल, ओरडायच्या आधी किती दिवस आणि रोज का, हे शांतपणे विचारा. वेगळा धागा काढा ना, तिथे सविस्तर लिहिते.

बाल्कनीवाला, मी इंग्लंडमध्येच फार्मसिस्ट आहे. ३ मिलीग्रॅमबद्दल कॉइलबदल बरोबर बोलतायत, पण सगळं खापर त्यावर नको. सिगरेटच्या धुरात निकोटिनशिवाय काही द्रव्यं असतात जी मेंदूतल्या एमएओ नावाच्या एन्झाइमला दाबून ठेवतात. डोपामिन, सेरोटोनिन यांची विल्हेवाट लावायचं काम या एन्झाइमचं. ते दबलेलं असलं की ही रसायनं जरा जास्त वेळ टिकतात. जुन्या अँटिडिप्रेसंटचा एक गट नेमकं हेच करायचा. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या ब्रूकहेवन लॅबने स्कॅन करून दाखवलं होतं की ओढणाऱ्यांच्या मेंदूत एमएओ-बी न ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्के कमी असतं. व्हेपमध्ये काही जळत नाही, त्यामुळे हा भाग जवळपास नाहीच. म्हणजे निकोटिन बरोबर मिळालं तरी मेंदूला काहीतरी कमी पडतंय असं वाटू शकतं. एन्झाइम पूर्ववत झालं की मेंदू नव्या हिशेबाला सरावतो, पण त्याला आठवडे लागतात. तुम्ही ऐन मध्यावर आहात. तलफ नाही पण मळभ आहे असं तुम्ही लिहिलंत, ते मला याच्याशी जुळणारं वाटतं.

आता मला सांगा, चहा-कॉफी किती? झोप कशी आहे? आणि कुठली औषधं चालू आहेत?

एक_पेठकर
ताई, हे सगळं ठीक, पण २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बरेच अभ्यास एकत्र करून आलं होतं की सिगरेट सोडणाऱ्यांचं डिप्रेशन आणि एन्झायटी न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी होते. मग यांचं उलटं कसं काय?

गोळीवाली
त्यात मोजणी किमान सहा आठवड्यांनंतरची आहे. पहिल्या दोन-चार आठवड्यांत मूड पडतो हे तर सर्वमान्य आहे.

एक_पेठकर
आणि ते पूर्ण सोडणाऱ्यांचं आहे, व्हेपवर उडी मारणाऱ्यांचं नाही. नानांच्या मुद्द्यात दम आहे एवढंच म्हणतोय.

गोळीवाली
हो, ती शंका रास्त आहे.

निर्व्यसनी_नाना
धन्यवाद पेठकर. या धाग्यावर कोणीतरी माझ्या बाजूने बोललं.

बाल्कनीवाला
औषध काही नाही. झोप बेकार, तीनला डोळे उघडतात ते उघडतात. कॉफी पूर्वी चार कप असेल, आता जास्त, सिगरेट ब्रेकच्या वेळी सगळे बाहेर जातात तेव्हा मी किचनमध्ये मशीनपाशी उभा असतो.

गोळीवाली
सापडला दुसरा चोर. तंबाखूच्या धुरातल्या टारमुळे लिव्हरमधलं एक एन्झाइम जोरात चालतं आणि तेच कॅफिन पचवतं. ओढणाऱ्याचं कॅफिन जवळजवळ दुप्पट वेगाने निघून जातं. हे टारमुळे होतं, निकोटिनमुळे नाही, त्यामुळे व्हेपवर आल्यावरही तो वेग काही दिवसांत उतरतो. म्हणजे तेच चार कप पूर्वीपेक्षा खूप जास्त चढतात, आणि तुम्ही वर अजून वाढवलेत. छातीत धडधड, चिडचिड, पहाटे जाग हे सगळं त्यात येतं. निम्मी करा आणि दुपारी बारानंतर बंद. कोणी वाचणारे क्लोझापिन किंवा ओलान्झापिन (मानसिक आजारावरची औषधं) घेत असतील तर सिगरेट सोडायच्या आधी डॉक्टरांना नक्की सांगा, त्यांचंही असंच रक्तातलं प्रमाण वाढतं.

स्वाती_इकडचीतिकडची
मला वाटतं तुम्ही सगळे उगाच केमिस्ट्रीत शिरताय. महिना नोव्हेंबर आहे! घड्याळं मागे गेली की इथे चार वाजता अंधार पडतो, मी सिगरेट कधी हातात पण धरली नाही तरी मला दरवर्षी या दिवसांत रडू येतं. व्हिटॅमिन डी घ्या, थंडीत रोज १० मायक्रोग्रॅम घ्या असं सरकारच सांगतं. आणि जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडा ऊन असो नसो. पहिलाच हिवाळा का तुमचा?

बाल्कनीवाला
आठवा. पण हो, यंदा बाहेर पडणंच बंद झालंय, आधी ओढायला तरी दर तासाला बाहेर जायचो, आता व्हेप घरात खिडकीपाशी चालतं.

रात्रपाळी
मित्रा, मी पण याच रस्त्याने आलोय, मँचेस्टरला वेअरहाऊसमध्ये असताना. मला सगळ्यात जास्त छळलं ते हे की सिगरेट संपते आणि व्हेप संपत नाही. सिगरेटीला सुरुवात असते, शेवट असतो, फिल्टरपर्यंत आलं की विझवायची आणि आत जायचं, कामाचे तुकडे पडायचे त्याने. व्हेप दिवसभर हातात, लॅपटॉपशेजारी, उशीशेजारी, आणि एकदाही "झालं, बरं वाटलं" असं होत नाही. मी मग नियम केला की जॅकेट घालून बाहेर जायचं, दहा-बारा झुरके घ्यायचे, खिशात टाकायचं, आत यायचं, घरात अजिबात नाही. हास्यास्पद वाटतं पण दिवसाला आकार आला. स्वाती म्हणतात तो उजेडही आपोआप मिळतो.

आता एक नीट विचारतो, राग मानू नकोस. पूर्वी कधी डिप्रेशनचा त्रास होता का? आणि जगून काय करायचं असं काही मनात येतंय का?

सांगलीकर७६
यूकेत पाकीट सोळा पौंडांच्या आसपास गेलंय म्हणे? दीड-दोन हजार रुपये! मी असतो तर खर्च बघूनच सोडली असती.

कॉइलबदल
व्हेप पण महागणार, १ ऑक्टोबर २०२६ पासून १० मिलीच्या बाटलीला २ पौंड २० पेन्स ड्यूटी. डिस्पोजेबल तर जून २०२५ पासून बंदच झाले. साठा करून ठेवा लोकहो.

बाल्कनीवाला
@रात्रपाळी, राग नाही. मरावंसं वगैरे नाही वाटत, नुसतं रिकामं वाटतं. हो, लॉकडाऊननंतर वर्षभर सर्ट्रालिन (डिप्रेशनची गोळी) चालू होतं, मग डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बंद केलं. त्याचा इथे संबंध नाही म्हणून लिहिलं नव्हतं.

गोळीवाली
अहो, हेच तर सगळ्यात आधी लिहायचं!! पूर्वी डिप्रेशन झालेल्यांनी सोडताना जास्त लक्ष ठेवायचं असतं. दोन फोन करा. एक तुमच्या भागातल्या स्टॉप स्मोकिंग सर्व्हिसला, फुकट असते, जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) चिठ्ठीची गरज नाही, तिथला माणूस डोस, लिक्विड सगळं बसून ठरवून देतो. व्हेप जमलंच नाही तर व्हॅरेनिक्लिन (सिगरेट सोडायची गोळी) २०२४ पासून परत मिळायला लागलंय, त्याचंही तिथेच विचारता येतं, जुना इतिहास मात्र सांगा. दुसरा एनएचएस टॉकिंग थेरपीजला (सरकारी समुपदेशन सेवा), इंग्लंडमध्ये स्वतःच ऑनलाइन नाव देता येतं. आणि रिकामेपणाच्या पुढे काही वाटू लागलं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, एनएचएसचा १११ लावून मानसिक त्रासाचा पर्याय निवडा किंवा समॅरिटन्स हेल्पलाइनचा ११६ १२३, रात्री-अपरात्री कधीही. भारतातून वाचणाऱ्यांसाठी टेलिमानस हेल्पलाइन १४४१६.
आणि परत सिगरेटीकडे जाऊ नका. पेटवली तर बरं वाटेल, तिथेच फसाल.

निर्व्यसनी_नाना
हे वाचून मी जरा नरमलो. आमच्या वेळी मूड नव्हता म्हणालो खरा, पण सोडल्यावर सहा महिने मी घरात कोणाशी धड बोलत नव्हतो असं आमची ही आत्ता मागून वाचून सांगतेय. ओव्याचं मात्र खरं आहे.

बाल्कनीवाला
अपडेट. लिक्विड बदललं, २० चं सॉल्ट, मिंट. पहिल्या झुरक्याला डोकं गरगरलं, मग कमी ओढायला लागलो. कॉफी दोनवर आणली, त्याने आधी दोन दिवस डोकं ठणकलं. झोप पाचपर्यंत जायला लागलीय. मळभ गेलं असं म्हणणार नाही, दुपारी परत येतं, पण सकाळ जरा बरी जाते. जॅकेटचा नियम चालू केला, बायको म्हणते हा काय नवा प्रकार.
आता नवीन लोचा. डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला येतोय. व्हेप आणलं तर?

सांगलीकर७६
मुळीच आणू नका. आयात केली असं धरलं तर पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कस्टमवाल्याशी वाद घालत बसाल.

एक_पेठकर
आणि पुण्यात उतरल्यावर पहिल्या चहाच्या टपरीवर मित्र पाकीट पुढे करणार, तुम्ही घेणार. लिहून देतो.

गोळीवाली
म्हणून इथूनच पॅच आणि गम घेऊन जा. पॅच दिवसभराचा पाया, गम टपरीपुरता. निघायच्या आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी लावून बघा.

बाल्कनीवाला
पॅच १६ तासांचा का २४ तासांचा?

गोळीवाली
झोप आधीच बिघडलीय तर १६ तासांचा, झोपताना काढून टाकायचा. पण सर्व्हिसला फोन केलात का ते सांगा आधी, अपडेटमध्ये त्याबद्दल चकार शब्द नाही.